पाखरांची इंग्रजी

सलीम मास्तर गेल्याची बातमी मला घाटंजीच्या बाजारात कळली. त्यांच्या शेजारचा शिंपी म्हणाला, "पहाटे झोपेतच गेले." निवडलेले कांदे तसेच टाकून मी त्यांच्या घरी गेले आणि बायकांत बसून पोटभर रडले. आता महिना होत आला...

मास्तर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आमचा मुलूख तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. राज्य बदललं म्हणून ज्वारीवरचे पोपट थोडेच बदलतात. मॅट्रिकच्या वर्षी कणसं दाण्यात आली तशी बाने माझी शाळा बंद केली आणि गोफण देऊन शेतातल्या माळ्यावर बसवलं. आमच्या बंजारा तांड्यातून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी. आता संपलं सगळं, असं म्हणून मी रोज रडायची.

एक दिवस मास्तर सायकल रेटत बांधावर हजर. बाशी हुज्जत न घालता ते थेट माळ्याखाली आले. "बेटा, काय करून राह्यली?"

"पाखरं भेवाडून राह्यली, सर."

"मंग इंग्रजीत सांग. स्केअर. आय स्केअर द बर्ड्स. जोरानं म्हण, पोपटाले आयकू गेलं पाह्यजे."

वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. इथे हसायला कोणी नव्हतं. मी गोफणीतून धोंडा सोडला, त्यामागून वाक्य सोडलं आणि अख्खा थवा उठला. बांधावरचा बा बघतच राहिला.

"मास्तर, आमच्या बोलीले तं हे भेतच नाहीत. इंग्रजीले भेले."

मास्तरांनी हसू दाबलं. "हरसिंगभाऊ, तिले एवढीच येते. बाकीची शाळेत हाये."

दुसऱ्या दिवशी गोफण बाने घेतली. मी शाळेच्या वाटेला लागले, तर मागून त्याची आरोळी, "इस्केर... इस्केर..." पुढे तांड्यातले बाप पोरापोरींना घेऊन मास्तरांकडे जाऊ लागले, "थोडी पाखरांची इंग्रजी शिकवा." मास्तरांनी कुणालाच परत पाठवलं नाही. बा तो शब्द बरोबर वापरतो का, असं मी एकदा त्यांना विचारलं. म्हणाले, "पाखरं उडते ना? मंग झालं." मी मॅट्रिक झाले. आज तांड्याच्याच शाळेत शिकवते आणि पुढच्या रांगेत मुली बसतात.

मास्तर गेल्याचं मी त्याच संध्याकाळी बाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन शेतात गेले, तर तो माळ्यावर गप्प बसलेला आणि ज्वारीवर पोपटच पोपट.

"बा, पाखरं..."

"राहू दे. आज मास्तरच्या नावानं जेवू दे त्याइले."