गाभण गाढविणींचं रक्त

देशमुख मॅडम सुई काढण्याआधी गाढविणीशेजारी नुसत्या बसून राहायच्या. वीटभट्टीवर बसायला काही नसलं तर घमेलं पालथं घालायच्या. गाढविणीचे कान सैल पडले की उठायच्या, मानेवरची शीर चाचपायच्या आणि मग रक्त घ्यायच्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायचे. सुरुवातीला एकदा मी घाई केली, तेव्हा म्हणाल्या, "घाबरलेल्या जनावराच्या तांबड्या पेशी वाढलेल्या दिसतात, बरं का. आपण रक्त मोजायला आलोय, भीती नाही."

मॅडम जनावरांच्या डॉक्टर. गाभणपणात गाढविणीचं रक्त कसं बदलतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी नगरहून कोपरगावकडच्या भट्ट्यांवर आमच्या खेपा चालायच्या. लोक गाढविणीचा रिपोर्ट सर्रास घोडीच्या मापानं वाचायचे. मॅडम चिडायच्या नाहीत. "शेजारणीचं पोलकं घातलं तर बाही आखूडच होणार," एवढंच म्हणायच्या.

शेवटच्या खेपेला रखमाबाई नावाच्या भट्टीवरच्या बाई आमची वाट बघत होत्या. त्यांच्या गाढविणीचे दिवस भरत आले होते. कुणीतरी तपासून तिचं रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं.

"मालक म्हनत्यात, आजारी जनावर कशाला पोसायचं, इकून टाकू," रखमाबाई म्हणाल्या. "व्यापारी बघून गेलाय. माझ्या हातानं वाढवलीय हो ती, बाई."

मॅडमनी गाढविणीची पापणी उलटून बघितली, पोटावरून हात फिरवला. "पोटात जीव वाढतो तसं अंगातलं पाणी वाढतं, रक्त पातळ होतं. म्हणून कमी दिसत असेल. पण खरंच कमी असेल तर तेही कळायला हवं. रक्त नेते. निकाल येईपर्यंत विकू नका आणि ओझं लादू नका."

रखमाबाईंचा नवरा जरा लांब उभा होता. "उद्यापतुर थांबतो," तो म्हणाला.

परतताना राहुरीच्या अलीकडे मॅडम म्हणाल्या, "पाठीत दुखतंय गं." थोड्या वेळानं त्यांनी रक्ताच्या नमुन्यांचा बर्फाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. ड्रायव्हरनं गाडी जवळच्या दवाखान्यात घातली. त्यांना आत नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मी त्यांच्या भावाला फोन केला. तो काय बोलला ते आता आठवत नाही. डबा माझ्या हातातच होता.

भाऊ आल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. मला रडू येत नव्हतं. नमुने ठेवून चालणार नव्हतं, म्हणून यंत्र सुरू केलं. रखमाबाईंच्या गाढविणीचं रक्त घोडीच्या मापानं कमीच होतं. आम्ही तपासलेल्या धडधाकट गाभण गाढविणींशी मात्र ते जुळत होतं. पांढऱ्या पेशीही तशाच. मी दुसऱ्यांदा तपासलं. तेच आलं.

सकाळी मॅडमना नेण्याची तयारी चालली होती. मी त्यांच्या अंगणात उभी असताना रखमाबाईंचा फोन आला.

"गाढवीण चांगली आहे," मी सांगितलं. "विकायचं कारण नाही."

पलीकडं त्यांनी नवऱ्याला हाक मारली, काहीतरी बोलल्या. मग पुन्हा फोनवर आल्या. "बाईंना सांगा, शिंगरू झालं का बघाया यायचं म्हनून."

"सांगते," मी म्हटलं.