कोणाचा माणूस?

नातवाला गिरणीच्या फिटरखात्यात लावून घ्या, म्हणून गेला महिनाभर सून माझ्या मागे लागली आहे. मी त्या खात्यात उभं आयुष्य काढलं, आजचा हेडफिटर माझ्याच हाताखाली शिकला. मी एक शब्द टाकला तर पोरगा उद्या आत जाईल, हे खरं आहे. मी टाकला नाही. सून बोलत नाही, मुलगा जेवताना मान वर करत नाही. म्हातारा हट्टी आहे, म्हणू देत. मी तिसरी इयत्ता शिकलेला माणूस, लिहायला बसलो की हात अवघडतो. पण बोलून सांगितलं तर हे लोक अर्ध्यात उठून जातात, म्हणून लिहितो.

तेव्हा मी मालवणकडून नुकता आलो होतो आणि लालबागला काकांच्या खोलीवर राहत होतो. प्लेगच्या आधीची दोन-तीन वर्षं. एका शेटने धर्मादाय म्हणून परळच्या बाजूला हुन्नरशाळा काढून दिली होती. सकाळी थोडं गणित, थोडं आराखडा काढणं, आणि मग दिवसभर भट्टी, ऐरण आणि कानस. शाळेच्या मुख्यांना आम्ही मोठे मास्तर म्हणायचो. गिरगावात राहणारे ब्राह्मण. पागोटं, लांब कोट, आणि उजव्या मनगटावर भट्टीने भाजल्याचा पांढरा डाग. त्यांच्या नात्यागोत्यात म्हणे त्यांना लोहार म्हणून हिणवायचे. ते ऐकून मास्तर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी जरा जास्तच वेळ घण मारायचे.

लोखंड शिकवणारे पुष्कळ होते. मास्तरांनी शिकवलं ते वेगळंच. शनिवारी दुपारी हत्यारं पुसून झाली की ते कोठीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि जुन्या बाजारातून आणलेली एक साहेबी टोपी पागोटं उतरवून डोक्यावर घालायचे. टोपीला एका बाजूने उंदराने कुरतडलेलं होतं. आता ते गिरणीचे साहेब आणि आम्ही काम मागायला आलेली माणसं. एकेकाने दारातून आत यायचं.

पहिला प्रश्न ठरलेला. "कोणाचा माणूस?"

गिरणगावात तेव्हा हाच प्रश्न होता. कुठल्या जॉबरचा, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाचा, कुठल्या गावचा, कोणी पाठवला. काय येतं हे कोणी विचारत नसे. जॉबरला दस्तुरी म्हणून पैसे चारायचे, त्याच्या पाया पडायचं आणि मग जन्मभर त्याचा माणूस म्हणून राहायचं.

वरळी कोळीवाड्याचा एक आडदांड पोरगा आमच्यात होता. तो छाती काढून म्हणाला, "एकवीरा आईचा!"

"आईला फिटर व्हायचंय का?" मास्तर टोपीखालून म्हणाले. "बाहेर! पुन्हा ये."

सगळे हसले. मग माझी पाळी आली. मी हात जोडून म्हटलं, "काकांचा."

"बाहेर!"

पुन्हा गेलो. "शाळेचा."

"बाहेर!"

"तुमचा, मास्तर."

त्या वेळी त्यांनी टोपी काढली. रागावले नाहीत, पण आवाज खाली आला. "माझा तर मुळीच नाही. हात जोडू नकोस, हात दाखव. तुला काय येतं ते सांग, जे येत नाही ते येत नाही म्हणून सांग, आणि लोखंडाचा तुकडा माग. कोणाचा म्हणून एकदा आत गेलास की तो माणूस पडेल त्या दिवशी तूही पडशील. जा, पुन्हा ये."

कितीतरी शनिवार असे गेले. मला ते उत्तर तोंडाने यायचं, पण हात आपोआप जोडले जायचे. शेवटी मास्तरांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक कानस दिली आणि म्हणाले, "आता जोड बघू."

शाळा संपत आली तेव्हा काकांनी जॉबरशी बोलणं केलं होतं. काका साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. जेवताना म्हणाले, "सोमवारपासून माझ्यावांगडा चल. जॉबराक सांगितलंय."

मी म्हटलं, "मी फिटरखात्यात जाणार. स्वतः विचारणार."

"कोणाक विचारतलंस?"

"साहेबाला."

काकांचा घास हातात राहिला. "अरे मेल्या, सायब तुझी वाट बघून बसलोहा काय? त्या मास्तराक काय, त्याका महिन्याक पगार गावता. माझा तोंड जॉबरासमोर काळा करतलंस!"

मी ऐकलं नाही. त्या रात्री माझी वळकटी चाळीच्या गॅलरीत आली. काकांवर माझा राग नाही. पुतण्या जॉबरला डावलतो म्हटल्यावर त्यांच्या साच्यावर काय संकट येईल हे त्यांना ठाऊक होतं. पण मीही मागे फिरलो नाही.

गिरणीच्या दरवाजावर पहाऱ्याच्या भय्याने काठी आडवी धरली. "किसका आदमी?"

"किसीका नहीं."

"तो भाग."

दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. भोंगा झाला की दाराशी उभा. येणारे जाणारे ओळखीचे लोक दात काढायचे, "काय रे, अजून कोणाचाच नाहीस?" आठवडा संपत आला तेव्हा पारशी इंजिनेर साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी भय्याला विचारलं, हा रोज कोण उभा असतो. मग मला तोच प्रश्न. हातात कानस नव्हती, तरी मी मुठी आवळून धरल्या होत्या.

"कोणाचा नाही, साहेब. कानस येते, भट्टी येते, लेथ येत नाही. तुकडा द्या."

त्यांनी तुकडा दिला, मी तो दिवसभर कानशीने घासला. संध्याकाळी त्यांनी त्याला काटकोन बघायला गुण्या लावला, उजेडाकडे धरून पाहिलं आणि सोमवारी ये म्हणाले. जॉबर पुढे वर्षभर माझ्याकडे बघून थुंकायचा. थुंकू दे.

मास्तरांना सांगायला गेलो. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "लेथ येत नाही हे सांगितलंस ना?" सांगितलं म्हटल्यावर त्यांनी खुंटीवरची टोपी काढून माझ्या हातात दिली. "शनिवारी लवकर सुटतोस तेव्हा ये. नव्या मुलांना आता तू बाहेर काढ." तेव्हापासून आम्ही कामाला लागलेले सगळे आळीपाळीने ती टोपी घालून बसायचो. खरे साहेब कसे बोलतात, कुठे अडवतात, हे आता आम्हाला मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं. ते मागे बाकावर बसून ऐकायचे.

मग प्लेग आला, गाठीचा ताप. शहर रिकामं होत गेलं. काका आगबोटीने गावी गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मास्तरांनी बायकोमुलांना माहेरी पाठवलं आणि स्वतः राहिले, कारण ज्यांना गाव नव्हतं अशी काही पोरं शाळेतच होती.

एका दुपारी तो कोळ्याचा पोरगा गिरणीच्या दाराशी आला. तो आता गोदीत फिटर होता. म्हणाला, "मोठं मास्तर गेलं रं. न्यायला कोन नाय."

शेजाऱ्यांनी मास्तरांच्या भावाला तार केली होती, पण शेजारी स्वतःच गाठोडी बांधून निघालेले. तापाने गेलेल्या माणसाला भाऊ येईपर्यंत ठेवून घेता येत नव्हतं. त्यांच्या जातीचे जे उरले होते ते दाराआडून बघत होते. आम्ही चौघे गेलो. एक कोळी, एक भंडारी, दोन मराठे. चौघेही टोपीपुढे उभे राहिलेले. आम्हीच ताटी बांधली आणि आम्हीच खांदा दिला. गिरगावातून सोनापूरच्या स्मशानापर्यंत रस्त्यात कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही.

सोनापुरात नोंद करणारा कारकून टेबलाशी बसला होता. नाकाला कापराचा रुमाल. त्याने ताटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कोणाची माणसं तुम्ही?"

 चौघांनाही एकच उत्तर पाठ होतं आणि ते इथे चालणार नव्हतं. कोळ्याचा पोरगा माझ्याकडे बघू लागला.

मी म्हटलं, "ह्यांची."

"ह्यांची म्हणजे? नात्यानं कोण?"

"नात्यानं कोणी नाही. ह्यांची माणसं. तसंच लिहा."

तो लिहीना. त्याने आमच्या हातांकडे पाहिलं. तेल आणि लोखंडाचा कीस आमच्या नखांत कायमचे बसलेले होते. माझे हात तेव्हा जोडलेले होते, हे मला नंतर कळलं. शेवटी त्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. भटजी लांब उभे राहून मंत्र म्हणाले. अग्नी कोळ्याच्या पोराने दिला, कारण आमच्यात तो वयाने मोठा होता.

चिता पेटली तेव्हा मला रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. माझं उत्तर मास्तरांनी ऐकलं असतं तर ते टोपीखालून ओरडले असते, "बाहेर! पुन्हा ये."

मी त्यांचा माणूस आहे, हे मी मनापासून एकदाच बोललो, आणि तेही ते ऐकू शकत नव्हते तेव्हा. नातवाने दरवाजावर जाऊन माझं नाव सांगावं, हे मला चालणार नाही. ती टोपी उंदरांनी कधीच संपवली. पण या शनिवारी मी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवणार आहे. त्याला यायचं असेल तर यावं. सुनेला त्या दिवशी बाहेर बसायला सांगेन.