पाटी लावलेल्या कुंड्या

कोमेजलेलं रोप दिसलं की माझा हात आपोआप तांब्याकडे जातो. विद्यापीठात माळीकाम करून मला ही एवढीच अक्कल आली, आणि तीच नडली.

शेडनेटमध्ये हरभऱ्याच्या कुंड्यांची एक ओळ माना टाकून उभी होती. प्रत्येक कुंडीत पाटी होती, पण इंग्रजीत. मी चौथीतून पळालेला. मला वाटलं, रोपाचं नाव असेल. जाता-येता पाणी घालत गेलो. रोपं टवटवीत झाली, आणि मी स्वतःवरच खूश.

परवा तिथली पीएचडीवाली पोरगी नाचतच आली. "मामा, हे वाण पाण्यावाचून जगतंय! सर म्हणाले, छापायला पाठवू!"

इथं एका इमारतीत बेडकांचे आवाज मोजतात, दुसरीत जात्यावरच्या ओव्या गोळा करतात. ज्याला त्याला काहीतरी सापडतं. हिला सापडलं ते माझ्या तांब्यातलं. तहानलेल्याला तहानलेलंच ठेवायचं, हेही एक काम असतं, हे माझ्या टाळक्यात येणार कुठून? गप्प बसलो असतो तर शास्त्रज्ञ झालो असतो. पण आज तिला गाठलं. सगळं सांगून टाकलं.

"पाटीवर 'पाणी घालू नये' असंच लिहिलं होतं, मामा," म्हणत ती मटकन कट्ट्यावर बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं डोळे पुसले आणि वही उघडली.

"कुठल्या कुंडीला, किती तांबे, कधीपासून? नीट आठवून सांगा, मामा."

साठीला टेकलो, आणि आज पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी वहीत लिहून घ्यायला बसलं होतं. मला एकही तांब्या धड आठवत नव्हता.