हद्दूदादाचं दुसरं दार

आमच्या तिफर्त गावात घर कुठे बांधू असं कुणी विचारलं, की हद्दूदादा आधी झाड बघायचा. अक्रोड दिसला की मान हलवून पुढे. अक्रोडाला भरपूर पाणी लागतं, म्हणजे नदीला ती जागा ठाऊक आहे, असं त्याचं म्हणणं. खाली कडक ऊन असताना वर शिखरापाशी ढगफुटी होते नि ओढ्यातून घराएवढे दगड गडगडत येतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून सपाट जमीन बार्लीला, आणि माणसं खडकाला चिकटून. चाळीस वर्षं दादानं ॲटलस पर्वतातल्या या दरीत माती ठोकून घरं उभी केली. वीस वर्षं माती ठोकायचं धुम्मस माझ्या हातात होतं नि त्याच्या शिव्या माझ्या कानात. घराला दार एकच ठेवायचा. आमच्याकडे भाऊ भांडून चुली वेगळ्या करतात तेव्हाच दुसरं दार फोडतात. कुणी तसं काम आणलं तर दादा त्याला चहासुद्धा विचारायचा नाही.

मग भूकंप झाला. नदी गप्प होती, दरड खडकावरून आली. दादाची बहीण त्यानंच निवडलेल्या जागी, त्यानंच बांधलेल्या भिंतीखाली गेली. तो रडला नाही. नुसता विचारत राहिला, "वरून कसं काय आलं?"

त्याची मुलगी तूदा तीन पोरं घेऊन शाळेच्या अंगणात तंबूत राहत होती. नवरा वारलेला. बर्फ पडायच्या आत तिला घर हवं होतं, आणि जागा बापानंच सांगायची होती.

दादानं खुंट्या ठोकल्या त्या थेट नदीकाठी, अक्रोडाखाली. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी म्हटलं, "दादा, अक्रोड." तो खेकसला, "दिसतोय मला. आंधळा झालेलो नाही."

चौथ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, वरून घरघर ऐकू आली. आम्ही जीव घेऊन पळालो. तासाभरात खुंट्या, दोरी आणि माझं धुम्मस, सगळं लोंढ्यात गेलं. अक्रोड तेवढा जागच्या जागी.

मग वर, खडकावर पाया खणला. जमीन पुन्हा जराशी हलली, आणि एक धोंडा पायाचा चर ओलांडून आमच्यापासून दोन पावलांवर येऊन थांबला. दादा जाऊन त्याच्यावरच बसला.

तिथून त्याचं काही खरं राहिलं नाही. सकाळी वर, संध्याकाळी खाली. माती हातात घ्यायचा, हुंगायचा, टाकून द्यायचा. मला राग यायचा त्याचा, खोटं कशाला बोलू. शहरातून नकाशा घेऊन एक साहेब आला. धोक्याच्या जागा लाल होत्या, आणि आमची दरी अख्खी लाल. दादानं विचारलं, पांढरं कुठाय? साहेबानं कागदाच्या कडेशी बोट ठेवलं. तिथे कोण राहतं, असं दादानं अगदी मनापासून विचारलं. साहेबानं नकाशा गुंडाळला.

कड्यावर पहिलं बर्फ दिसलं त्या सकाळी तूदा चहाची किटली घेऊन आली. बापाच्या हातात पेला देत म्हणाली, "बाबा, कुठे बांधायचं ते आता राहू दे. दार कुठल्या अंगाला ठेवशील ते सांग. पळायला."

दादानं पेला खाली ठेवला. मग उठला नि मळणीच्या खळ्यावर, ना धड वर ना धड खाली, त्यानं भिंतीसाठी फळ्यांचा साचा लावला.

छत घातलं त्या दिवशी गाव जमलं, आणि सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. घराला दोन दारं होती, एक डोंगराकडे, एक नदीकडे. म्हाताऱ्या इत्तोला राहवलं नाही. तिनं विचारलं, "कोण वेगळं झालं रे, हद्दू?"

दादानं तिन्ही नातवंडांना खोलीच्या मध्यात बसवलं आणि एकदम टाळी वाजवली. दोघं नदीच्या दारानं पळाली, धाकटी डोंगराच्या. दादा एकदा या दाराकडे बघे, एकदा त्या.

"बरोबर कोण गेलं?" त्यानं मला विचारलं.

"मला काय माहीत, दादा."

"मलाही," तो म्हणाला, आणि पोरांना पुन्हा आत बोलावलं.