मूळ गेले, नकला उरल्या

बदलापूर गावातल्या त्या बाई गेल्या महिन्यात वारल्या आणि कधीच बंद झालेली एक फाईल माझ्या मनात पुन्हा उघडली. नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले. हा लहान होता. पण त्यात माझ्या हातून झालेली चूक अजून टोचते.

मी तेव्हा तिथल्या ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. घराला रंग देण्याचं काम चालू असताना त्यांच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी नाहीशी झाली होती.

"पेटीत काय होतं?" हवालदाराने विचारलं.

"बाबांच्या नकला."

"मग मूळ कागद कुठेत?"

"मूळ?" बाई म्हणाल्या. "मूळ जाऊन चाळीस वर्षं झाली. आता नकलाच उरल्यात."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि फिर्यादीत लिहिलं, 'जुन्या कागदपत्रांच्या नकला, किंमत नाही.' आमच्या लेखी नक्कल म्हणजे कचेरीत अर्ज करून मिळते ती. हरवली तर दुसरी काढावी. मी सही केली. रंगाऱ्याला बोलावून विचारलं. तो मांजर्लीचा. त्याने सरळ सांगितलं, "पेटी नेली साहेब, पत्र्यापायी. भंगारात दिली. पन आत काय नव्हतं." प्रकरण तिथेच थंडावलं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी जुन्या नाटक मंडळ्यांवरचं वाचनालयातलं पुस्तक वाचत होतो. त्यात तोच शब्द समोर आला. पूर्वी नटाच्या हाती सबंध नाटक देत नसत. त्याच्या वाट्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच वहीत उतरवून देत. त्या वहीला नक्कल म्हणत. मी पुस्तक मिटलं आणि बाईंच्या घरी गेलो.

"वडील नट होते?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," त्या म्हणाल्या. रागाने नाही. शिक्षिका चूक दाखवते तशा.

वडील पंचविशीतच म्हातारे झाले होते, म्हणजे रंगभूमीवर. सासरा, दिवाणजी, इमानी नोकर. बोलपट आले, मंडळी मोडली, तेव्हा ते स्टुडिओत गेले. तिथेही हीच माणसं त्यांच्या वाट्याला आली. भूमिका दोन पानांची असली तरी ते तिची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून काढत. "हवालदार सात वेळा झाले," बाई म्हणाल्या. "बढती एकदाही नाही." त्या चित्रपटांची रिळं कुठे जळाली, कुठे कुजली. वडिलांचा आवाज कुठेही उरला नव्हता. एका माणसाचं आयुष्यभराचं काम त्या पेटीत होतं आणि त्यावर 'किंमत नाही' अशी माझी सही होती.

आता खबऱ्याला मी पेटी नव्हे, हाताने लिहिलेल्या वह्या शोधायला सांगितलं. चौथ्या दिवशी तो आला. अंबरनाथच्या एका फ्रेमवाल्याकडे जुनी मराठी पानं आली होती. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर लावायची होती. देणारा उल्हासनगर कॅम्प पाचचा, जुनं सामान विकणारा शेठ.

शेठकडे अकरा वह्या मिळाल्या. आणखी एक उसवून तिची पानं फ्रेमला गेलेली.

"दादाजी के कागज हैं साहब. सिंध से लाये थे."

"दादाजी मराठी लिहायचे?"

"शौक था," शेठ म्हणाला. हवालदाराला हसू आवरेना.

पण वह्यांवर ना नटाचं नाव, ना नाटकाचं. रंगारी पेटी रिकामी होती यावर ठाम. ओळख पटली नाही तर वह्या शेठकडे परत जाणार आणि एकेक करून भिंतीवर चढणार. बाईंना हे माहीत होतं. ठाण्यात दोन पंच आणि शेठ यांच्यासमोर त्या माझ्या टेबलापलीकडे बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून.

मी मधलीच एक वही काढली आणि समोरच्याचे शब्द वाचले. "...दार कोण उघडील?"

"मी उघडतो." त्या थांबल्या. "हे दार माझ्याच हाताला ओळखतं, सरकार."

वहीत 'उघडतो' नंतर तांबड्या पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा होत्या. थांबल्या त्या नेमक्या तिथे. पुढे शाईचं एक लहान वर्तुळ होतं. त्याचा अर्थ मला लागेना. बाई तिथे खोकल्या. मला वाटलं घसा सुकला, म्हणून पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि बोलत राहिल्या. दुसऱ्या वर्तुळावर पुन्हा तोच खोकला, कोरडा, धन्याला ऐकू जाऊ नये म्हणून गिळलेला. त्या पानावर पाच वर्तुळं होती. पाचही ठिकाणी त्या खोकल्या. हवालदाराने वायरलेसचा आवाज बारीक केला. समोर सुती साडीतल्या बाई होत्या, पण बोलत होता तो एक म्हातारा नोकर. त्याचा आवाज जगात उरला नाही असं मी समजून चाललो होतो.

"बाबा घरी तालीम करायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "तेव्हा वही माझ्या हातात असायची. आज तुमच्या होती."

शेठ उठून उभा राहिला होता. "साहब, ये तो इनके पिताजी ही हैं," तो हळूच म्हणाला. मग बाईंकडे वळून, "माई, फ्रेमवाले के पन्ने भी मैं लाता हूँ." त्याने ती आणलीही. त्याच्यावरचा गुन्हा अर्थात टळला नाही. रंगाऱ्याने मग वह्यांचंही कबूल केलं. न्यायालयाच्या आदेशाने वह्या सुपूर्दनाम्यावर बाईंना परत मिळाल्या.

त्या दिवसापासून फिर्यादीतल्या साध्यातल्या साध्या शब्दालाही मी 'म्हणजे काय?' असं विचारू लागलो. ठाण्यात आम्ही सगळेच नक्कल घेऊन बसलेलो असतो. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द ऐकायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचं.

बाईंच्या तेराव्याला त्यांच्या भाचीने मला एक वही दिली. मला द्यावी असं बाई सांगून गेल्या होत्या. वही सातांपैकी एका हवालदाराची. भूमिका सव्वा पानाची. पहिल्या वाक्याआधी तांबड्या रेघा दोन नाहीत, तीन आहेत. म्हणजे पुरतं थांबायचं, मगच बोलायचं.

"बसा बाई. सावकाश सांगा."

पहिल्याच दिवशी म्हणायचं हे वाक्य मला तीन आठवडे उशिरा सुचलं होतं.