गाडीतला गूळ

गूळ-फुटाण्यांचा वास आला की मला एटापल्लीचा रस्ता आठवतो. ऐंशीच्या दशकात आम्ही जुनी गाडी घेतली होती. सीटवर पांढरी कव्हरं होती आणि मुंग्या होतात म्हणून गाडीत खायचं-प्यायचं नाही, असा नियम मी मुलांना घातला होता. मुलांशेजारी बसलेल्या माझ्या आईनं तो स्वतःलाही लावून घेतलाय, हे मला कळलं नाही. तिला साखरेचा आजार होता. सकाळची गोळी घेतलेली आणि गूळ-फुटाण्यांची पुरचुंडी मांडीवर तशीच. सागाच्या जंगलात तिची साखर एकदम उतरली; ती घामानं भिजली, हात थरथरू लागले. गाडी थांबवून मी गूळ तिच्या ओठांशी नेला. "तुही गाडी खराब होईन," म्हणून तिनं तोंड मिटलं. "माझाच नियम आहे ना, मीच मोडते." "मंग पोट्टे काय शिकतीन? मले खाली उतरव." माझ्या हातात गूळ होता आणि तिचं तोंड बंद. शेवटी काखेत हात घालून तिला रस्त्याकडेच्या वाळल्या पानांवर बसवलं, तेव्हा तिनं खाल्लं. थरथर थांबल्यावर लुगड्याला हात पुसले आणि मगच गाडीत चढली. आता माझ्या गाडीत कोणीही काहीही खातं. मुंग्या होतात, मी झाडून काढते.