गवत मारायचं औषध

माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे लढाईवरून परतून वर्ष होत आलं होतं. मी धारची. देवासला सासरी, घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान होतं. मोठे दीर कापड बेतायचे, हे शिवायचे. मुलगा लढाईवरून धडधाकट परत आलाय, अंगावर ओरखडा नाही, असं लग्नात जो तो सांगत होता.

बंदूक त्यांनी चालवलीच नव्हती. भरती झाले शिंपी म्हणून. पण आसामच्या पलीकडे विमानं उतरायच्या पट्टीभोवती रान फार माजायचं, म्हणून यांच्या टोळीला गवत मारायला लावलं. पिंपातलं औषध पाण्यात कालवायचं, पंप पाठीवर घ्यायचा आणि फवारत चालायचं. पंप गळका. "माझी पाठ सदा ओली," ते सांगायचे. "गवत बघता बघता पिवळं पडायचं. एकदा एक खेचर तिथं चरलं आणि संध्याकाळी आडवं झालं." हे ते गंमत म्हणून सांगायचे आणि मीही तसंच ऐकायची.

पहिल्यांदा तळहातांवर बारीक कडक दाणे उठले, ज्वारीसारखे. मग पाठीवर आणि छातीवर काळेपांढरे ठिपके, धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे. पायांना रात्रंदिवस मुंग्या. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताचे डाग दिसले. सुई बोटात शिरलेली, आणि हे आपले शिवतच होते.

तो सदरा गावभर झाला. माप द्यायला कुणी येईना. एका वैद्याने लांबूनच हात बघितले आणि म्हणाला, कोढ आहे, महारोग. त्या रात्री मोठ्या दिरांनी जाऊबाईंना हाक मारली. ते माझ्याशी थेट बोलत नसत.

"तिला सांग," ते म्हणाले, "मागची खोली त्याला दिलीय. दार गल्लीत उघडतं, तिकडूनच ये-जा करायची. तिला माहेरी जायचं असेल तर सकाळी बसमध्ये बसवून देतो. राहायचं असेल तर तिनेही तिकडेच राहायचं. माझ्या मुलींची लग्नं व्हायचीत."

लोक पुढे मला सती सावित्री म्हणाले. तसं काही नव्हतं. माहेरी धाकट्या बहिणीचं जमत होतं, आणि आईने निरोप धाडला होता, इतक्यात येऊ नकोस. मी मागच्या खोलीत गेले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

तिथे आम्ही दोन वर्षांहून जास्त काढली. घराकडचं दार पलीकडून कडी घालून बंद. नळावर मला मनाई. जाऊबाई बादली भरून गल्लीत ठेवायच्या आणि मी उचलेपर्यंत लांब उभ्या राहायच्या. भिंतीपलीकडे मशीन चालायची. तिचा आवाज आला की हे भिंतीकडे तोंड करून निजायचे. मी कधी कधी त्यांच्यावर ओरडायची, "अहो, काही तरी बोला!" ते म्हणायचे, "काय बोलू? तू जा ना." कुठे जाऊ ते मात्र तेही सांगत नसत.

मग गावात एक नवे डॉक्टर आले, फौजेत राहिलेले. शेवटच्या रुग्णानंतर मी यांना घेऊन गेले. त्यांनी कापसाची वात करून एकेका ठिपक्यावरून फिरवली. "कळतंय?" प्रत्येक वेळी हे म्हणाले, कळतंय. बोटांना आणि पावलांना मात्र काही कळेना, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखंच.

"कोढाचा डाग बधिर असतो," डॉक्टर म्हणाले. "हा कोढ नव्हे. लढाईत काय काम होतं तुमचं?"

यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्या औषधात सोमलाचं विष असणार. ते तुमच्या अंगात मुरलंय. आता काढता येणार नाही. तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

अमझेऱ्याचा एक जण होता. आम्ही बसने गेलो. तो शेतात होता. यांना बघताच धावत आला आणि मिठी मारायला हात पसरले. हे मागे सरले. पण त्याचे तळहात तोवर आम्हाला दिसले होते. तेच दाणे.

"अरे भिया," तो म्हणाला, "तेरे भी?"

दोघं बांधावर शेजारी बसले, चारही हात मांड्यांवर उताणे ठेवून. हे रडले. खोलीत इतके दिवस काढले, पण रडले ते त्या बांधावर. त्याला कुणी घराबाहेर काढलं नव्हतं. शेतकऱ्याचे हात, खरबरीत असायचेच, असं त्याच्या घरचे समजत होते. खोकला मात्र त्याला फार होता.

परत आल्यावर मी गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराशी गेले आणि पहिल्यांदा दिरांशी थेट बोलले. डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवून ऐकलं.

"असेल," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पण गावाला कोण पटवणार?"

कडी निघाली नाही.

बहिणीचं लग्न उरकल्यावर आईने धारला, माहेरच्या घरापासून लांबच्या आळीत, एक खोली बघून दिली. तिथे यांना कुणी ओळखत नव्हतं. मी पोलकी-परकर शिवायला लागले. हे शेजारी बसून चुका दाखवायचे. लोक येता-जाता राम राम करायचे. हे मान लववायचे, पण हात शालीतून बाहेर काढत नसत, भर उन्हाळ्यातसुद्धा. "इथे कुणाला ठाऊक नाही हो," मी म्हणायची, "काढा बाहेर." ते म्हणायचे, "राहू दे."

एका तळहाताची जखम शेवटपर्यंत भरली नाही. मग काखेत गाठ आली. इंदूरच्या डॉक्टरांनी कापली, ती पुन्हा आली. मी चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा ते गेले. अमझेऱ्याचा मित्र दहाव्याला आला होता. खोकत खोकत त्याने मला विचारलं, "भाभी, आखिर में बहुत तकलीफ हुई क्या?"

मी म्हटलं, नाही. त्याला दुसरं काय सांगणार?